कुट्टी मशीनमागचा आवाज

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी बाबाले खताच्या दुकानातून भेटली. बाबा लिहीत नाई, दादाले सही कराचाबी कंटाळा, म्हनून ती माही झाली. आपन हरीओम, राहनार किन्हीराजा, चॅनलचं नाव ‘चाल फिरू’. एस.टी. नाईतर जीप पकडाची, वाशिम जिल्ह्यातलं एक गाव गाठाचं अन् फिरून दाखवाचं. उद्या चॅनल मोठा झाला तर लोक इचारतीन सुरुवात कशी झाली. म्हनून लिहून ठेवतो.

सुरुवात मार देऊन अन् मार खाऊन झाली. जऊळक्याच्या टेशनाचा व्हिडिओ काल टाकला. दिवसभर फिरलो, मालगाडी दाखवली, चहावाल्याची मुलाखत घेतली. खाली पयली कमेंट काय? ‘भाऊ, तोंड हालते पन आवाज नाई येत. पंख्यासमोर बसून काढला का?’ लिहिनारा आमच्याच गावचा गोविंदसिंग निंघाला. आज जीप स्टँडवर दिसला तर मले पाहून तोंडानं फूऽऽ फूऽऽ करे. माहं डोकं सटकलं. कॅमेऱ्याचा स्टँड हातात होता, तोच हानला त्याच्या पाठीवर. त्यानं माहा ओठ फोडला. घरी आलो तर दादानं पाठीवर थाप मारली. म्हने, “शाब्बास! आपल्या घरात तोंडाच्या आधी हात चालला पाह्यजे.” किशनदादा असाच हाय. त्याच्या हाताले आख्खं गाव भेते. लहानपनापासून मले वाटे, आपनबी असंच व्हाव.

पन गोविंदसिंगची गोष्ट खरी हाय, मेल्याची. कॅमेरा मामाच्या पोरानं पुन्याहून दिलेला, मुठीत मावते एवढा. चित्र झकास. आवाजासाठी मात्र वरून दोन बारीक भोकं, बस. त्यातून हवा, कुत्रं, ट्रॅक्टर समदं आत जाते, माहाच आवाज तेवढा भाईर राह्यते. घरात बसून बोलाव म्हनलं तर दादाची कुट्टी मशीन, कडबा कापाची, मोटारवाली. आज भर दुपारी जनावरं वावरात असतानी अर्धा घंटा चालू. गोठ्याचं दार आतून बंद. मी ओरडलो, “दादा, थांब ना बावा दहा मिन्टं, रेकॉर्डिंग चालू हाय!” कोन ऐकते. सांजच्याले पाह्यलं तर गव्हानीत कुट्टी मूठभरबी नाई, कडब्याचा ढीग तेवढाच. पातं बोथट झालं असंन.

ठरलं. भाईरचा माइक घेतल्याशिवाय पुढचा व्हिडिओ नाई.

९ जानेवारी

मालेगावच्या दुकानातून कॉलरचा वायरवाला माइक आनला. कॅमेऱ्यात खुपसला, काईच नाई. पुन्हा काढला, पुन्हा खुपसला, कॅमेऱ्याले चार शिव्या घातल्या. वयनी पोळ्या टाकत होती. वैजयंती वयनी म्हनजे दादाची बायको, माहेर कामरगावचं, बारावी सायन्स पास. आमच्या घरात छापील कागद मन लावून वाचनारी ती एकटीच. म्हने, “आना भाऊजी इकडं.” पिन उजेडात धरली. “हिच्यावर काळ्या पट्ट्या तीन हायत. ही फोनची पिन. कॅमेऱ्याले दोन पट्ट्याची लागते. पुडक्यावर लिवलं हाय ना. तुमी वाचतच नाई.”

दुकानदार वापस घेनार नाई, त्यानं आधीच सांगतलं होतं. मी भडकलो. पाटा पडला होता तिथंच, वरवंटा उचलला अन् माइक ठेचून काढला. वयनी एवढी भेली का दोन्ही हात डोक्यावर घेऊन चुलीपाशी खालीच बसली. मी काय तिले मारत होतो? मी माइकाले मारत होतो. मले हसूच आलं. तिच्या डाव्या हाताले पट्टी होती. कुट्टी मशीनीत बोट आलं म्हने. तिले कोन म्हनते मशीनीपाशी जायले!

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाचा व्हिडिओ काढाचा होता, वयनी भाईर आलीच नाई. माय सांगे, तिची दाढ सुजली. माहीच माय हाय मनकर्णाबाई, पन आज तिचंबी मले कळलं नाई. कोनी इचारलं नव्हतं तरी येनाऱ्या एकेका बाईले धरून सांगे, दाढ हाय बाप्पा, दाढ हाय.

दुपारी शेजारचं कुत्रं तिळगुळाच्या ताटाले तोंड लावून गेलं. दादानं फावड्यानं त्याची कंबर मोडली. लवकर मेलं नाई ते. दोन घंटे अंगनात घसटत राह्यलं, केकाटत राह्यलं. वयनीनं खिडकीतून त्याच्याकडं वाटीभर पानी सरकवलं. दादानं नुसतं वर पाह्यलं, अन् खिडकी बंद झाली. कॅमेरा चालू होता माहा. तो भाग मी पुसला. असं काही टाकलं तर लोक शिव्या घालते.

१९ जानेवारी

धम्मरत्नकडं गेलो. तो अन् मी पयलीपासून एका बाकावर. आता गायन पार्टीचा साउंड सांभाळते, जयंतीच्या दिवसात त्याले मरायलेबी फुरसत नसते. पेटीतून चार माइक काढून पुढं ठेवले अन् इचारलं, “पयले सांग, तुले ऐकायचं काय हाय? समोरचं, का आजूबाजूचंबी?”

“फक्त माहं,” मी म्हनलं.

“मंग गोष्ट सोपी हाय तुही,” म्हने, अन् हसला. त्याचं हासनं मले कधीकधी आवडत नाई.

त्यानं दोन सांगतले. एक लांबट, बंदुकीच्या नळीवानी. जिकडं तोंड तिकडचंच ऐकते. हवेसाठी त्याले केसाळ टोपी घालाची. दुसरा बिनावायरचा, दोन डब्ब्या, शर्टाले चिमट्यानं लावाच्या, एक आपल्याले अन् एक समोरच्याले. “पयले नळीवाला वापरून पाह्य,” म्हने. त्याचाच घेऊन आलो. अजून एक गोष्ट त्यानं बजावली. रेकॉर्डिंग सुरू केलं का सगळ्यात आधी नाव, तारीख, जागा बोलाची. “शंभर फायली झाल्या का तुहा तुले पत्ता लागत नाई कोनती कधीची. आमी हर कार्यक्रमात बोलतो.”

घरी येऊन जेवतानी सांगतलं, परवा कामरगावले जातो. वयनी वाढत होती. पटकन म्हने, “भाऊजी, मलेबी न्या ना. माहं गाव हाय, मी दाखवीन तुमाले समदं. दोन दिवस राहून येईन.” दादानं ताट उचलून भिंतीवर मारलं. रस्सा तिच्या गळ्यावर अन् छातीवर पडला. चुलीवरून आत्ताच उतरवला होता. ती ओरडली नाई. दादा म्हने, “कामरगाव काय नवीन हाय तुले?” बाबा खाली मान घालून जेवत राह्यले. मलेबी भूक लागली होती.

२२ जानेवारी

कामरगाव फिरून आलो. नळीवाला माइक आपल्या कामाचा नाई. या कॅमेऱ्याचा पडदा वरती पलटून सोताले पाहा लागते, अन् माइक बसवाची जागाबी तिथंच वर. पडद्यापुढं माइक उभा, मले माहं तोंडच दिसेना. शेवटी लोखंडाची पट्टी वाकवून बाजूनं बसवला. किराना दुकानातल्या म्हाताऱ्याले इचारलं, गावात काय प्रसिद्ध हाय? तो भरभरून बोलला, पन माइकचं तोंड माह्याकडं. घरी येऊन ऐकतो तर माहा सवाल खणखणीत, अन् जवाब म्हनून मुंग्याइची कुजबुज. एक गोष्ट मात्र खरी, बाजूचं काईच ऐकू येत नाई. जीपमधी दोघाइची मारामारी झाली, एकाचा दात पडला, त्याचाबी आवाज नाई.

वयनीच्या घरी नाई गेलो. टाइम नव्हता.

२८ जानेवारी

डब्ब्यावाला माइक आला! पेटीत तीन खाचे. एकात कॅमेऱ्याले लावाचा तुकडा, दोनात चिमट्यावाल्या डब्ब्या, दोन बोटाइच्या नखाएवढ्या. पेटी झाकली का आपोआप चार्ज होते. सोबत पातळ कागद, बारीक इंग्रजी अक्षर. वयनीनं मांडीवर घेऊन तासभर वाचला. गळ्यावरच्या फोडाइले हळद लावली होती, त्यानं कागद पिवळा झाला.

“भाऊजी, हे भारी हाय,” म्हने. “हिरवा दिवा लावला का पंख्याचा, मोटारीचा, असा एकसुरी आवाज कापून टाकते. मानसाचा तेवढा ठेवते. अन् लाल दिवा लावला का कॅमेरा नसला तरी चालते. डब्बी सोताच्या पोटात रेकॉर्ड करते. सात-आठ घंटे.”

“ते राहू द्या. हिरव्याचं बटन कोनतं?”

तिनं दाखवलं. मंग पुन्हा हळूच म्हने, “कोनालेच न सांगता, आपली आपली रेकॉर्ड करते.” हाव म्हनलं, समजलं.

मंग किती लांबवर चालते ते पाह्यलं. वयनीच्या पदराले डब्बी लावली अन् म्हनलं, विहिरीकडं चालत जा, बोलत राहा, पयले नाव-तारीख बोलाची. माह्या कानात इयरफोन. ती बोलत गेली, “वैजयंती. अठ्ठावीस जानेवारी. किन्हीराजा, विहिरीची वाट. एक, दोन, तीन…” विहिरीपाशी थांबली. पार बाहुलीएवढी दिसे. कानात मात्र शेजारी उभी असल्यावानी. म्हने, “भाऊजी, मानूस एवढा लांब गेला तरी त्याचं ऐकू येते?”

मी हात हलवून ओरडलो, “येते ना! एकदम साफ!”

“मंग बरं हाय,” म्हने. अन् विहिरीत वाकून पाहत राह्यली. मी दोन हाका मारल्या तवा वापस आली.

पेटी तिच्याच कपाटात ठेवली. ती म्हने, भाईर उंदरं कुरतडतीन.

२ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी एवढा खुश होतो, अन् आता समदं इस्कटलं. क्रमानं लिहितो.

दुपारी वसरीत बसून मजकूर बोलत होतो. गोठ्यात कुट्टी सुरू झाली. मी मुद्दाम उठलो नाई, हिरवा दिवा लावला अन् बोलत राह्यलो. मंग ऐकलं. मशीन गायब! एवढी धडधड मशीन, अन् फाईलमधी नावाले नाई. माहा आवाज कसा, रेडिओवानी. मागं तेवढं मांजर रडल्यावानी बारीक काहीतरी येत होतं, पन तेवढं चालते.

फाईल घेऊन धम्मरत्नकडं पळालो. त्यानं हेडफोन लावला, डोळे मिटले. एकदा ऐकलं. मागं नेऊन पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून ठेवला. म्हने, “हरी, हे मांजर नोहे.”

“मंग काय हाय?”

“बाई हाय. मार खाऊन राह्यली. तुह्या घरात बाई कोन हाय ते मी सांगू का?”

मी त्याची गचांडी धरली. तोंडाले येईन ते बोललो. आमच्या घरात कान घालाची तुही लायकी नाई म्हनलं. लायकी म्हनलं मी त्याले, पयलीपासूनच्या दोस्ताले. तो जागचा हालला नाई. म्हने, “कान मी नाई घातला. तुह्या माइकनं घातला.” मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. त्याच्या नाकातून रक्त आलं. त्यानं हात नाई उचलला, नुसतं दार दाखवलं.

घरी येऊन फाईल पुसली. मांजरच असंन. आमच्या घरी मांजर नाई, पन शेजारची येते. नवरा-बायकोत एखादवेळी होते, कोनाच्या घरात होत नाई? पन अर्धा घंटा? नाई, मांजरच. उद्या नवीन जागी जाऊन नवीन रेकॉर्डिंग करीन.

५ फेब्रुवारी

एक डब्बी गायब! पेटीतला एक खाचा रिकामा. वयनीले इचारलं तर म्हने, “सापडीन भाऊजी. चार दिवस थांबा. कोनाले सांगू नका, मी तुमच्या पाया पडतो.” अन् खरंच वाकली, तर कंबर धरून वाकलीच राह्यली, तिले सरळ होता येईना. मी म्हनलं, शनिवारी माहा जऊळक्याचा व्हिडिओ हाय, चहावाल्याची मुलाखत पुन्हा घ्याची हाय, एकाच डब्बीत काय करू? ती म्हने, “फक्त चार दिवस.” डोळे लाल होते. मले काय कळते तिचं.

काल दुपारीबी खाचा रिकामा वाटला होता, आज सकाळी त्यात डब्बी होती, दुपारी पुन्हा नाई. माहंच डोकं फिरलं का काय.

८ फेब्रुवारी, शनिवार. जऊळका टेशन

गाडीले टाइम हाय, बाकड्यावर बसून लिहितो. चहावाला अजून आला नाई.

सकाळी घरात राडा केला. मले राहवलंच नाई. चार दिवस कोन थांबते, आज व्हिडिओ अन् डब्बी नाई. माय अन् बाबा लग्नाले जायले तयार होत होते, त्याइच्यासमोर अंगनात उभा राहून बोंबललो, वयनीनं माहा माइक गडप केला! वयनी दारात आली, बोट ओठावर ठेवून मान हलवत होती. मी कशाचा गप्प बसतो.

दादा गोठ्यातून आला. म्हने, “कोनता माइक? दुसरा दाखव.” मी दाखवला. त्यानं तळहातावर घेऊन उलटापालटा केला. “हे एवढंसं काय करते?” दादानं माह्या कामाबद्दल आजवर एक शब्द इचारला नव्हता. मले लय बरं वाटलं. मी समदं सांगतलं. हिरवा दिवा, मशीनीचा आवाज कसा कापते, मानसाचा कसा ठेवते. अन् लाल दिव्याचंबी सांगतलं, कॅमेरा नसला तरी डब्बी आपल्या पोटात सात-आठ घंटे रेकॉर्ड करते. वयनीकडूनच शिकलो म्हनलं, तिनं कागद वाचला.

दादा हसला. म्हने, “तू जाय जऊळक्याले. मी शोधून ठेवतो तुहा माइक.” वयनीकडं पाह्यलं तर ती भिंतीले टेकून खाली बसली होती. माय-बाबा लग्नाले गेले. मायनं जातानी मांगं वळून पाह्यलं अन् चालत राह्यली. मी अंगनातून निंघतानीच कॅमेरा चालू केला, ‘नमस्कार मंडळी, आज पुन्हा जऊळक्याले’, तर तेवढ्यात मांगून कुट्टी मशीन सुरू. आज आपल्याले काय फरक पडते? हिरवा दिवा लावलाच होता.

दादा माह्या कामात मदत करून राह्यला, हे पयल्यांदाच. चहावाला येईपर्यंत सकाळचा तुकडा ऐकून घेतो.

११ फेब्रुवारी. वाशिम, दवाखाना

डाव्या हातानं लिहितो. अक्षर कोंबडीचे पाय. उजवं मनगट दोन जागी तुटलं.

शनिवारी टेशनावर इयरफोन लावला. ‘नमस्कार मंडळी’ माहा आवाज. मंग मशीन कापलेली जागा. अन् त्या रिकाम्या जागेत वयनी. मांजर नाई. वयनी. “भाऊजी! ओ भाऊजी! जाऊ नका!” अन् मी वरून बोलून राह्यलो, ‘चॅनलले सबस्क्राइब करा.’

मी मेलो तिथंच. समदं एकदम कळलं. बोट, दाढ, चुलीपाशी डोक्यावर घेतलेले हात, रिकामी गव्हान. मले कळत नव्हतं असं नाई, मी कळू देत नव्हतो. अन् डब्बी काय करते ते दादाले सांगनारा मी. माह्याच तोंडानं.

धम्मरत्नले फोन लावला. सहा दिवसाआधी ज्याचं नाक फोडलं त्याले. मी नुसता रडत होतो. तो म्हने, “कुठं हायस?” मोटारसायकल घेऊन आला. रस्त्यानं गाडी अशी हानली का दोनदा मरता मरता वाचलो.

गोठ्याचं दार आतून बंद. मशीन चालू. दोघांनी लाथा मारून कडी तोडली. ते लिहा लागीन, कारन मीच नाई लिहिलं तर कोनी मानायचं नाई. मशीनीच्या तोंडात काडीबी नव्हती. पातं नुसतं फिरत होतं. दादाच्या एका हातात मशीनीचा मोठा पाना. दुसऱ्या हातानं त्यानं वयनीचं मनगट धरलं होतं अन् बोटं पात्याकडं नेऊन राह्यला होता. “सांग कुठं हाय! सांग!” वयनीचा जबडा एका बाजूनं लोंबत होता. तिनं सांगतलं नव्हतं. लुगडं फाटलं होतं. घरातून येतानी पाह्यलं होतं, तिची कपड्याची पेटी फुटलेली, पिठाचा डब्बा उलटा. त्यानं आख्खं घर धुंडाळलं होतं.

मी त्याच्या अंगावर गेलो. ज्या हातासारखा आपला हात व्हाव असं मले लहानपनापासून वाटे, तो हात काय असते ते मले पयल्याच घावात कळलं. पाना मनगटावर बसला, हाडाचा आवाज मीच ऐकला. खाली पडलो तर छातीवर पाय देऊन उभा राह्यला. मी त्याच्या पोटरीले चावलो, तोंडात रक्त आलं, सोडलं नाई. तो वयनीले सोडून मले हानत राह्यला. तेवढ्यात धम्मरत्ननं शहान्यावानी एकच काम केलं. भिंतीवरचं बटन बंद केलं.

मशीन थांबली. अन् वयनीचा आवाज आख्ख्या गल्लीनं ऐकला. एवढे महिने मशीन होती म्हनून कोनाले काई माईत नव्हतं, असं समदे म्हनत होते. आता मशीन नव्हती. बाया आल्या, मानसं आली. गोविंदसिंग सगळ्यात पुढं, त्यानं अन् धम्मरत्ननं दादाले खुंट्याले बांधलं. लोकाइनं दादाले लय मारलं. मी थांबवलं नाई.

वाशिमले आल्यावर नर्सनं वयनीचे केस सोडले, डोक्यात कुठं कुठं लागलं ते पाहासाठी. अंबाड्यातून डब्बी पडली. लाल दिवा चालूच, हिरवाबी.

१२ फेब्रुवारी

वयनी वाचनार. डॉक्टर म्हने, जबडा तारेनं बांधला, दीड महिना बोलता येनार नाई. कामरगावहून तिचे मायबाप आले. मी त्याइच्या घरासमोरून परत आलो होतो, हे त्याइले सांगायची हिंमत नाई झाली.

पोलीस बयान घ्यायले येनार म्हनून समजलं. त्याच्या आधी बाबा आले. माहा बाप दौलतराव म्हनजे गावात शब्दाचा मानूस, आज मात्र माह्यासमोर हात जोडून उभा. “ती डब्बी मले दे हरी. सून बोलू शकत नाई, गल्लीतलं कोनी बोलनार नाई, बाकी पुरावा काय हाय? भाऊ हाय तुहा. घरातलं घरात निस्तरू. तुले कोनता पाह्यजे तो कॅमेरा घे, मोठ्यातला मोठा.” खोटं कायले लिहू, मोठा कॅमेरा एक घडी डोक्यासमोर येऊन गेला. मले माहीच शिसारी आली.

मायनं खाली पाहून इचारलं, “काय काय हाय रे त्यात?”

“तुले माईत हाय माय काय हाय,” मी म्हनलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

वयनीपाशी गेलो. तिच्यासमोर डब्बी धरली. “वयनी, पोलिसाइले देऊ?” तिनं हात पुढं केला, पेन मागला. याच डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं, तिच्या ठसठशीत अक्षरात, ‘आधी कॉपी काढा.’ धम्मरत्ननं त्याच्या लॅपटॉपवर काढली, एक तिच्या बाबांच्या फोनवरबी टाकली. त्याच्या नाकावर अजून पट्टी हाय. मी म्हनलं, “धम्मा, त्या दिवशी जे बोललो…” तो म्हने, “मले मंग सांग. आता हे कर.”

जमादार आले, सोबत एक बाई पोलीस. खाटेपाशी खुर्च्या टाकल्या. धम्मरत्ननं पयली फाईल लावली.

“वैजयंती. तीन फेब्रुवारी, सोमवार. दुपारचा सव्वा. किन्हीराजा, गोठा. आता मशीन सुरू होईन.” मंग कडी लागल्याचा आवाज. बटनाचा आवाज. मशीन नाई. फक्त दादा, अन् ती.

दुसरी फाईल. “वैजयंती. चार फेब्रुवारी.” तिसरी. हर फाईलीच्या सुरुवातीले नाव, तारीख, जागा. मी शिकवलेलं. पाचव्या फाईलीत दूरवर अंगनातून कोनीतरी बोंबलून राह्यलं, वयनीनं माहा माइक गडप केला! खोलीत समद्याइनं माह्याकडं पाह्यलं. खाटेवरून वयनीनंबी पाह्यलं. तिच्या डोळ्यात राग नव्हता, तो असता तर मले सोसला असता. बाई पोलीस उठून खिडकीपाशी गेली.

जमादारानं शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा काढून पुसला. त्यानं मुद्दाम नाई इचारलं, त्याले पंचनाम्यात वस्तूचं नाव लिहाचं होतं. म्हने, “आवाज एकदम साफ हाय. माइक कोनाचा?”

महिनाभर मी याच एका वाक्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

“माहा नोहे साहेब,” मी म्हनलं. “वयनीचा हाय. तिचंच नाव लिहा.”